आरशावरची पदवी

माणसाने आरशात पाहावं ते केस विंचरण्यापुरतं. त्यावर कागद चिकटवू नये, आणि चिकटवायचाच असेल तर समोरच्या खोलीतल्या आरशावर तर मुळीच नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. आमच्या तुमसरात सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत, पण वेळेवर देणारा एक सापडेल तर शपथ.

मी सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे. गावोगावच्या विहिरींचे आणि नाल्यांचे हिशेब तपासतो. बाहेरून बी.ए.ला बसलो आणि सगळे विषय सुटले, फक्त अर्थशास्त्र सुटेना. हिशेब तपासणारा माणूस अर्थशास्त्रात नापास होतो याचं ज्याला हसू येत असेल त्याने खुशाल हसावं. आमचा भूपेंद्र हसतोच. यंदाची हिवाळी परीक्षा ही माझी शेवटची संधी होती. त्यानंतर नोंदणीची मुदत संपणार आणि मी पुन्हा बारावी पास म्हणून उरणार.

अशा नाजूक वेळी माझी मुलगी हर्षा कॉलेजातून एक प्रमाणपत्र घेऊन आली. 'ध्येयनिश्चिती, वेळेचे नियोजन व अभ्यासकौशल्ये' अशी कार्यशाळा तिने केली होती, आणि आता एका विद्यार्थ्यावर प्रयोग करून अहवाल द्यायचा होता. वर्गातली पोरं काही तिच्या हाती लागली नाहीत. मग तिची नजर घरातल्या विद्यार्थ्यावर गेली.

"बाबा, तुमचं ध्येय काय?" तिने वही उघडून विचारलं.

"चहा," मी म्हणालो. ऑफिसातून येऊन बूटही काढले नव्हते.

तिने ते लिहून घेतलं नाही. तिचं म्हणणं असं की ध्येय पूर्ण झालं आहे अशा थाटात लिहायचं आणि रोज दिसेल अशा जागी लावायचं. तिने जाड स्केचपेनने लिहिलं : 'मी बी.ए. उत्तीर्ण झालो आहे. मला स्वतःचा अभिमान वाटतो.' खाली दोन फुलं काढली आणि कागद समोरच्या खोलीतल्या आरशावर चिकटवला.

"अगं, पण परीक्षा व्हायची आहे अजून. हे खोटं झालं."

"बाबा, मेंदूले खरं-खोटं समजत नाही. जे वारंवार सांगतलं तेच तो मानते."

माझ्या मेंदूविषयी घरात आधीपासून साधारण असंच मत आहे, म्हणून मी वाद घातला नाही. शेजारच्या श्यामरावांच्या मेंदूचंही तसंच आहे, ही गोष्ट मात्र कार्यशाळेत शिकवलेली दिसत नव्हती.

श्यामराव हे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. रोज सकाळी आमचा पेपर वाचायला येतात. स्वतःकडे पेपर लावत नाहीत, कारण दोन्ही घरी बातम्या त्याच येणार. त्या सकाळी मी अंघोळीला गेलो होतो. टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर श्यामराव आरशासमोर उभे, आणि डोळ्यांत पाणी.

"इश्वरभाऊ! पास झाले अन् सांगतलं बी नाही? इतकं परकं समजता काय आमाले?"

आणि त्यांनी माझ्या ओल्या अंगाला मिठी मारली. आता मी त्याच क्षणी खुलासा करायला हवा होता, हे मलाही कळतं. पण माझे दोन्ही हात टॉवेलला होते. टॉवेल सांभाळत असलेला माणूस ध्येयनिश्चितीचं शास्त्र समजावून सांगू शकत नाही, एकदा करून पाहा. मी शर्ट घालून बाहेर येईपर्यंत त्यांनी त्या कागदाचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला होता. खाली हार, फटाके आणि नमस्काराचे हात धडाधड पडत होते.

ऑफिसात गेलो की पहिल्याने भूपेंद्रला खरं सांगायचं असं मी ठरवलं. भूपेंद्र माझ्या बाजूच्या टेबलावर बसतो, वयाने कितीतरी लहान, पण बी.कॉम. असल्यामुळे मला 'बारावीवाले काका' म्हणतो. मी आत शिरलो तसा तो उभा राहिला. मग वाकून टेबलपंखा माझ्याकडे वळवला. माणसाच्या आयुष्यात पंखा आपल्याकडे वळण्याचे प्रसंग फार थोडे येतात. मी बसलो. गार वाटलं. म्हटलं, सांगू संध्याकाळी.

संध्याकाळी केवळरामचा फोन आला. केवळराम म्हणजे माझ्या बायकोचा, दीपमालाचा, धाकटा भाऊ. सिहोऱ्याला त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्याच्या कार्डावर नावापुढे ठळक अक्षरांत बी.ए. छापलेलं आहे. माझा अर्थशास्त्राचा निकाल लागला की दर वेळी हा मला समजवायला येत असे. "भाऊजी, आमच्या वेळेस बी.ए. म्हणजे..." इथून सुरुवात करायचा आणि जेवण होईपर्यंत थांबायचा नाही.

"भाऊजी, बॅनर छापाले टाकला," तो फोनवर ओरडला. "रविवारी आपल्या गावची मंडई हाये. दंडारीच्या आधी तुमचा सत्कार!"

मी फोन दीपमालाच्या हातात दिला आणि खुर्चीत बसलो. तिने भावाचं सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"सत्कार ठरला, बॅनर ठरला," ती म्हणाली. "आता पास होणंच तेवढं बाकी राह्यलं."

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडया सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. ज्या गावची मंडई त्या गावी सगळे सोयरे जेवायला जातात, दिवसा दंडारीचा नाच पाहतात आणि येताना ऊस घेऊन येतात. लग्न एक वेळ चुकवता येतं, सासुरवाडीची मंडई चुकवता येत नाही. आम्ही रविवारी सिहोऱ्याला उतरलो तर स्टँडसमोरच माझा चेहरा टांगलेला. फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला होता. त्यामुळे माझ्या खांद्यावर एका अनोळखी माणसाचा हात तसाच राहिला होता. बाजूला केवळराम काळा चष्मा लावून, मोबाइल कानाला धरून, माझ्याहून मोठा.

मंडपात मला शाल, नारळ आणि खुर्ची मिळाली. नोव्हेंबरातलं दुपारचं ऊन आणि लोकरी शाल, म्हणजे सत्कार की शिक्षा हे कळेना. शाल काढायला गेलो की केवळराम पुन्हा पांघरायचा. "फोटो होऊ द्या भाऊजी." बाजूला दंडारीवाले पोशाख करून, ढोलकी गळ्यात अडकवून ताटकळत बसले होते. केवळरामने माइक घेतला. "या वयात पदवी घेणारे आमचे भाऊजी आता पोरायले सांगतीन, का टाइमटेबल कसं बनवाचं!"

मला हर्षाची वही आठवली. तीच सगळी ओकून टाकली. मोठं काम लहान लहान तुकड्यांत करा, पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं आराम घ्या, शिकलेलं दुसऱ्याला शिकवा म्हणजे पक्कं होतं. पुढच्या रांगेत बसून हर्षा ओठ हलवत होती आणि मी तिच्याकडे पाहून बोलत होतो. लोकांना वाटलं बाप पोरीकडे पाहून गहिवरलाय. एक बाई आपल्या धिप्पाड पोराला मानेला धरून घेऊन आली आणि त्याला माझ्या पाया पडायला लावलं. "याले काई सांगा साहेब, हा दिवसभर मोबाइल पाहून रायते." पोराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी जन्मात विसरणार नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार लाज वाटली. आणि थोडं बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

परत आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. परीक्षा तोंडावर आलेली, आणि मी पास झालेला. पास झालेल्या माणसाच्या हातात अर्थशास्त्राचं पुस्तक दिसलं तर लोक काय म्हणतील? पूर्वी मला अभ्यास करायचा कंटाळा होता, आता अभ्यास करण्याची चोरी झाली. मी पुस्तकाला पंचांगाचं कव्हर घातलं. श्यामराव लगेच जवळ सरकले. "हर्षासाठी पाहून राहिले काय? आंधळगावात एक पोरगा हाये, म्हणान त शब्द टाकतो." पंचांग बंद करावं लागलं.

मग मी संडासात वाचू लागलो. पंचवीस मिनिटं आत, पाच मिनिटं बाहेर, अगदी हर्षाच्या पद्धतीने. सकाळी दोनदा आणि ऑफिसातून आल्यावर पुन्हा. भिंतीपलीकडून श्यामराव हे सगळं काळजीने मोजत होते हे मला ठाऊक नव्हतं. एके दिवशी ते बेलाचा मुरब्बा घेऊन आले आणि दार लोटून घेतलं.

"लाजाचं काई काम नाही, इश्वरभाऊ. सत्काराचं जेवण बाधलं तुमाले. मंडईचं तेल जड रायते."

दुसऱ्या दिवसापासून मोहल्ल्यातून इसबगोल, ताकात जिरं, कच्च्या केळीची भाजी असं एकेक यायला लागलं. माझं पोट उत्तम होतं. ते सगळं खाल्ल्यावर मात्र बिघडलं, आणि त्या दोन दिवसांत माझा सगळ्यात जास्त अभ्यास झाला.

तेवढ्यात ऑफिसने गाठलं. साहेबांच्या सहीचं पत्र आलं : 'आपण पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे समजते. सेवापुस्तकात नोंद घेणेकामी गुणपत्रिकेची सत्यप्रत सादर करावी.' समजते! कुठून समजते, तर बॅनरवरून. आरशावरचा कागद आता माझ्या नोकरीपर्यंत येऊन पोचला होता. मी उत्तर लिहिलं : 'गुणपत्रिका विद्यापीठाकडून अप्राप्त आहे. प्राप्त होताच सादर करण्यात येईल.' त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

घरी येऊन मी हर्षाला म्हटलं, "बेटा, नापास झालो तर इज्जत तर जाईलच, पण ऑफिसात काय तोंड दाखवू?" ती कागदावरच्या फुलांकडे पाहू लागली. पोरगी पहिल्यांदाच घाबरलेली दिसली, आणि मला तिचं वाईट वाटलं. बिचारीने बापाचं भलं करायला घेतलं होतं.

सुटका झाली ती श्यामरावांकडूनच. त्यांची नात रक्षा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. अर्थशास्त्रात तिचंही गाडं अडलेलं. एका संध्याकाळी ते तिला पुस्तकासकट घेऊन आले.

"पोरीले शिकवा. तुमी तर पास होऊन बसले, आता रिकामेच हाव न."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुस्तक! उघड्यावर, ट्यूबलाइटखाली, सगळ्या गल्लीच्या साक्षीने अर्थशास्त्राचं पुस्तक हातात धरायचा परवाना माझ्या दारात उभा होता. "बस बेटा," मी म्हणालो. एवढ्या प्रेमाने मी अर्थशास्त्राशी कधीच बोललो नव्हतो.

रक्षा फार वाईट विद्यार्थिनी होती, म्हणजे तिला समजल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नसे. मी आजवर 'मागणीची लवचिकता' पाठ करत आलो होतो आणि दर परीक्षेत अर्ध्यावर विसरत आलो होतो. तिला पाठांतर चालेना.

"काका, सोपं करून सांगा न."

"हे पाहा. मंडईत जिलेबी महाग झाली तर लोक कमी घेतात. पण मीठ महाग झालं म्हणून कुणी भाजी अळणी खातं का?"

"नाही."

"झालं. जिलेबीची मागणी लवचिक, मिठाची ताठ."

हे बोललो आणि मीच चमकलो. अरे, एवढंच होतं होय! रक्षाने लगेच विचारलं, "मंग काका, खताचं काय?" खताचं काय ते मला माहीत नव्हतं. "स्वतः विचार कर," मी गंभीरपणे म्हणालो, "उद्या सांग." आणि ती गेल्यावर पुस्तकावर तुटून पडलो. असं रोज चाललं. ती विचारायची, मी 'स्वतः विचार कर' म्हणायचो, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत मीच विचार करून ठेवायचो. दाराआड उभी राहून हर्षा हे सगळं अहवालात लिहून घेत होती. दीपमाला आम्हा दोघांना पोहे आणून द्यायची आणि जाताना माझ्याकडे पाहून हसायची. खूप वर्षांनी तशी हसली.

परीक्षेसाठी मी मुद्दाम शहापूरचं केंद्र मागून घेतलं होतं. हायवेवरचं गाव, तिथे ना सोयरा ना धायरा. श्यामरावांना सांगितलं, कॉलेजात मुलांच्यात बसायला बोलावलंय. तेही खरंच होतं. बस भंडाऱ्याला बदलून वेळेवर पोचलो, माझा बाक शोधला, पेन काढलं. सगळी पोरं मला पर्यवेक्षक समजून उभी राहिली. मी बसल्यावर तीही बसली, जरा नाराजीनेच.

तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी धाडकन बसलं. मी वळून पाहिलं. काळा चष्मा, गळ्याभोवती गमछा, आणि गमछ्याने घाम पुसत असलेला केवळराम.

"भाऊजी! तुमी त पास झाले न? इथं काहून?"

"आणि तू रे? तुझ्या कार्डावर तर बी.ए. आहे."

"कार्ड आधी छापलं," तो पुटपुटला. "पेपर राहून गेला."

या माणसाने मला किती निकालांनंतर समजावलं होतं, माझ्याच घरी माझ्याच ताटात जेवून! रागाने मी पुढे वळलो. पण हसू दाबता दाबता खांदे हलायला लागले, आणि मागूनही बाक हलल्याचा आवाज आला. पर्यवेक्षक बाईंनी आम्हा दोघांना वेगळं बसवण्याची तंबी दिली. शाळेतसुद्धा मला असं कुणी बोललं नव्हतं.

तिसरा प्रश्न मागणीच्या लवचिकतेचा होता. मी पेन टेकवलं ते उचललंच नाही. जिलेबी, मीठ, सगळं ओळीने आलं. मधेच मागून बारीक आवाज आला. "भाऊजी, तिसरा?"

"स्वतः विचार कर," मी म्हणालो. तोंडात तेच बसलं होतं.

पेपर सुटल्यावर हायवेच्या कडेला आम्ही तर्री-पोहे खाल्ले. तर्रीने त्याच्या नाका-डोळ्यांतून पाणी येत होतं, की दुसऱ्या कशाने, मी विचारलं नाही.

"तिसऱ्यात काय लिहिलंस?"

"खताचं लेहलं. भाव वाढला तरी शेतकरी खत घेतेच, फक्त शिव्या जास्त देते." मग त्याने हात जोडले. "ताईले सांगू नका, भाऊजी."

"नाही सांगत," मी म्हणालो. "ताईला आधीपासून माहीत असेल."

निकालाची वाट पाहत होतो त्या दिवसांत आभाळ भरून आलं, तेव्हा केवळरामने कापून रचलेल्या धानावर माझा बॅनर पांघरला. त्याने फोटो पाठवला. मी धानाच्या ढिगावर उताणा पडून ढगांकडे पाहत होतो आणि तो अनोळखी हात अजूनही माझ्या खांद्यावर होता. धान भिजलं नाही. तेव्हाच मला वाटलं की आपलंही काही बिघडणार नाही.

निकाल हर्षाने मोबाइलवर पाहिला. ती येऊन गळ्यात पडली आणि रडायला लागली. मला वाटलं, गेलं. मग तिच्या हातातून दीपमालाने मोबाइल घेतला, बारीक डोळे करून पाहिलं आणि देवाजवळ दिवा लावायला गेली. तेव्हा समजलं. मी पास झालो होतो. काठावर नाही, चांगला पास झालो होतो. केवळराम काठावर झाला, पण झाला. मला इतका आनंद झाला की मी आरशासमोर जाऊन तो कागद मोठ्याने वाचला, आणि आता तो शब्दन् शब्द खरा होता. ऑफिसात गुणपत्रिका दिली तेव्हा भूपेंद्र तिच्यावरची तारीख पाहून थबकला. साहेब म्हणाले, "विद्यापीठाचं असंच असतं, फार उशीर करतात," आणि सेवापुस्तकात नोंद झाली.

पेढ्यांचा डबा घेऊन मी सगळ्यात आधी श्यामरावांकडे गेलो. रक्षाच्या हातावर दोन ठेवले.

"कायचे पेढे?" श्यामरावांनी विचारलं.

"श्यामराव, मी पास झालो."

त्यांनी पेढा तोंडाशी नेला आणि थांबले. "ते त झालं न मागंच. सत्कार बी झाला." मग त्यांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला. "म्हणजे... इश्वरभाऊ! एम.ए.?"

"नाही हो, ऐका..."

या वेळी माझ्या हातात टॉवेल नव्हता, पेढ्यांचा डबा होता. परिणाम तोच. मी डबा खाली ठेवेपर्यंत त्यांनी मोबाइल खिशातून काढला होता. घराच्या पायऱ्या चढतो न चढतो तोच केवळरामचा फोन. "भाऊजी, हे काय आयकून राहिलो? बॅनर टाकतो छापाले, फोटो तोच चालते न?" आणि मग आवाज खाली आणून, "एम.ए.चा फॉर्म भरान त मले बी सांगजा. दोघं संगच भरू."

घरात हर्षा नवा कागद, स्केचपेन आणि चिकटपट्टी घेऊन तयार उभी होती. फुलं आधीच काढून झाली होती.

"बेटा," मी कळवळून म्हणालो, "या वेळी निदान आतल्या खोलीत तरी लाव."

दीपमाला स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिने पोरीच्या हातातून कागद घेतला आणि समोरच्या खोलीतल्या आरशावर, होता तिथेच, दाबून बसवला.

"आत लावून काय फायदा?" ती म्हणाली. "बाहेर लावला म्हणूनच त पास झाले."